कचेरीचा मूळ रंग

शनिवार, ९ मे १९८७

सगळ्यांत आधी आली ती शेजारची मारूसा. दुसरं कोण येणार म्हणा. अंगणातूनच सुरू, "सेवास्ती, स्टोव्ह बंद कर, कचेरीला शिड्या लावल्यात." मी म्हटलं, लावू देत, मला काय शिडीवर चढायचंय? तर म्हणते, "चढायचं नाही, बोलायचंय. पाहुणे आलेत. इटालियनांच्या राज्यात जिनं कचेरी आतून पाहिली अशी बाई त्यांना हवीये. मी तुझं नाव देऊन आले." म्हणजे बघ, नाव माझं आणि देणार ही.

ताई, हे पत्र सेवास्तीचं आहे. अक्षरावरून ओळखशील म्हणावं, तर माझं अक्षर तू कधी पाहिलंच नाहीस. तू गेलीस तेव्हा मला लिहिताच येत नव्हतं. इटालियन मास्तर नको म्हणून बाबांनी मला शाळेतून काढलं ते कायमचं. पुढं पाद्र्यांच्या बायकोनं त्यांच्या स्वयंपाकघरात चार अक्षरं शिकवली, तीही कांदे चिरता चिरता. म्हणून अजून लिहायला बसले की डोळ्यांतून पाणी येतं. तू ते मनावर घेऊ नकोस.

तर मी ॲप्रन सोडला, रुमाल बांधला आणि धक्क्यावर गेले. अर्धा गाव आधीच तिथं. कचेरी तुला आठवते तशीच आहे, समुद्राकडं तोंड करून, कमानींवर कमानी. फक्त इटालियन गेले आणि आपलं ग्रीक राज्य आलं तेव्हा लोकांनी ती पांढरी केली, दारं-खिडक्या निळ्या केल्या आणि झेंडा लावला. त्याला चाळीस वर्षं होत आली. आता वरून हुकूम आलाय की इमारत दुरुस्त करायची आणि पूर्वीच्याच रंगात रंगवायची. पण पूर्वीचा रंग कोणता, ह्यावर धक्क्यावर नुसती मारामारी. आमचा सकेलारिस म्हणाला राखाडी. (माझा नवरा. तू गेलीस तेव्हा समुद्रातून स्पंज काढणाऱ्या होडीवर उमेदवारी करायचा, कान मोठे असलेला तो. कान अजून तेवढेच आहेत, ऐकू मात्र कमी येतं.) हॉटेलवाला म्हणाला पिवळा. मारूसा म्हणाली हिरवा, पण ती नेहमी तिसरंच काहीतरी म्हणते.

पाहुणे दोघं. एक अथेन्सचा इंजिनिअर, व्रेत्तोस नावाचा, उंच आणि उन्हानं भाजलेला. दुसरी इटलीहून इमारत मोजायला आलेली बाई, चाळिशीची, पॅन्ट घातलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. ग्रीक बोलते ती थेट आपल्या बेटावरचं. मला वाटलं कुणाकडून शिकली असेल.

मी पुढं होऊन सांगितलं, "लाल. डाळिंबाच्या सालीसारखा. आणि हात लावला की हाताला यायचा."

ती म्हणाली, "इतकं खात्रीनं कसं सांगता?"

"माझी आई तिथला जिना पुसायची. तिच्या ॲप्रनला लागलेला असायचा."

ती हळू आवाजात म्हणते, "दर शनिवारी?"

"तुला काय ठाऊक?"

"माझं नाव अनेझिना," ती म्हणाली.

ताई, आईचं नाव. त्या पॅन्टवालीच्या तोंडून. मी तिथंच दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले, आणि ते लोखंड उन्हानं इतकं तापलेलं की लगेच उठले. लोक हसले. मला काही वाटलं नाही.

इटलीत कोण ठेवतं असं नाव? थोरलीच्या थोरलीला आजीचं नाव आणि आजीचं घर, ही आपली रीत. घर इथं राहिलं. नाव तू पदरात बांधून नेलंस आणि परक्या मुलखात पोरीला दिलंस. मला ते धाडस झालं नव्हतं बघ. माझी मुलगी झाली तेव्हा मी सासूचं नाव ठेवलं, आणि आई सहा महिने माझ्याशी बोलली नाही. का ठेवलं ते आत्ता विचारू नकोस.

पोरीला घरी चल म्हटलं तर येईना. म्हणते, "आईनं बजावलंय, कचेरी मोज, घराकडं जाऊ नकोस. तिथं आपल्याला बोलावणारं कोणी नाही."

तर ताई, हे बोलावणं. चव्वेचाळीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही ती बहीण लिहितेय. ये. तुझा पत्ता अनेझिनानं माझ्या तळहातावर लिहून दिला, पेन्सिलनं, आणि मी संध्याकाळपर्यंत भांडी घासली नाहीत.

तुझी धाकटी,
सेवास्ती


रविवार, १७ मे

तुझं उत्तर नाही. टपालाची बोट दोनदा आली. मी धक्क्यावर मासे घ्यायला म्हणून गेले होते, दोन्ही वेळा मासे न घेताच आले.

अनेझिना आता घरी येते बरं का. राहायला हॉटेलात, पण दुपारी जेवायला माझ्याकडं. द्राक्षाच्या पानांतला भात तिनं पहिल्याच दिवशी अठरा खाल्ला. म्हणजे अठरा पानं. खाताना तुझ्यासारखीच डावा कोपर टेबलावर. सकेलारिस तिला म्हणतो, "पोरी, तुमच्या इटलीत दुष्काळ आहे का?" ती म्हणते, "आहे, काका. आईला हे जमतं, पण ती करत नाही. म्हणते ती पानं तिकडची नाहीत." हे ऐकून म्हातारा उठून बाहेर गेला, म्हणे मांजराला हाकलायला. मांजर घरातच होतं.

घर तिनं सगळं बघितलं. वरचा लाकडी माचा बघितला, जिथं आपण दोघी झोपायचो, तू कठड्याकडं, मी भिंतीकडं. मी तिला म्हटलं, "रीतीनं हे तुझं घर आहे, बाई. तुझ्या आईचं आणि मग तुझं. मी राखणदार." तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली. मी पण हसले.

आता कचेरीचं ऐक. त्यांनी दर्शनी भिंतीवर एक हातभर चौकोन आखला आणि छोट्या सुरीनं पापुद्रे काढायला लागले, कांद्याचे काढावेत तसे. वर पांढरा. त्याखाली आणखी एक पांढरा. मग पिवळा, मोहरीच्या फुलासारखा. मग दगड. लाल कुठंच नाही. हॉटेलवाला धक्क्यावर मिरवतोय. मारूसा म्हणते पिवळ्यात थोडी हिरवी झाक आहे. आणि आमचा म्हातारा मला म्हणाला, "सेवास्ती, तुझी आठवण आणि माझा गुडघा, दोन्हींवर विसंबून कुणी बाहेर पडू नये."

मी अडून बसले. लालच होता, मी डोळ्यांनी बघितलाय. पोर बिचारी म्हणाली, "मावशी, आणखी ठिकाणी बघू." मावशी म्हणते मला. गावात दुकानात गेले तर दुकानदाराशी उगीच बोलत बसते, की ती आत येऊन हाक मारेल.

काल तिनं मला कचेरीच्या आत नेलं. आईचा जिना तसाच आहे, संगमरवरी. पायऱ्यांच्या कडा झिजल्यात, आणि मी तिला सांगितलं ह्यातलं थोडं झिजणं तुझ्या आजीच्या ब्रशचं आहे. ती पायरीवर बसली. मग विचारलंन, "मावशी, आईचं आणि बाबांचं जुळल्याचं आजोबांना सांगितलं कुणी? आई कधी बोलत नाही."

मी म्हटलं, मारूसानं. तुला ठाऊकच आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या वेळीही सगळे हेच म्हणाले.

आज मारूसा कचेरीपाशी तिच्यासाठी तिळाची कडबोळी घेऊन आली, ताजी, रुमालात बांधून. अनेझिनानं हात पुढं केला नाही. "मला भूक नाही," म्हणाली आणि शिडीवर चढली. मारूसा ती पुरचुंडी घेऊन तशीच उभी. मग माझ्याकडं वळून म्हणते, "तीळ जास्त झालेत का गं?"

मी म्हटलं, हो, थोडे जास्त झालेत.

बाकी सगळं ठीक. उत्तर लिही.

सेवास्ती


शुक्रवार, ५ जून

ताई, तुझं पत्र आलं. पोस्टमन देईना, म्हणे सही कर. मी म्हटलं, बाबा, पत्र दे, अंगठा कापून घे. इटलीचं तिकीट, आणि पाकिटावर तुझं अक्षर, ते उभं सरळ, शाळेत बक्षीस मिळालेलं. मी ते ॲप्रनच्या खिशात घालून घरभर दोनदा फिरले. मग उघडलं. चव्वेचाळीस वर्षांनी तू मला दोन ओळी लिहिल्यास.

"लाल रंग फक्त वरच्या सज्जाच्या आतल्या भिंतीला होता. आईला तिथं कधी जाऊ दिलं नाही. तुला कसा माहीत?"

तू इमारती मोजायला हव्या होत्यास, तुझ्या मुलीनं नव्हे.

त्याच दिवशी दुपारी ती पण आली, केसांत पेन्सिल नाही, हातात. "मावशी, सापडला," म्हणाली. "समुद्राकडचा वरचा सज्जा. आतली भिंत. डाळिंबाचं साल, अगदी तुम्ही म्हणालात तसं. बोटाला येतो." धक्क्यावर आरडाओरडा झाला, हॉटेलवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं, सकेलारिसनं माझ्या वतीनं सगळ्यांना टोमणे मारले. मी जिंकले होते, ताई. आणि मला घरी पळावंसं वाटत होतं. कारण पोर आनंदात होती तरी तिच्या कपाळावर आठी होती. म्हणाली, "कागदपत्रांत लिहिलंय की त्या सज्जाला कुलूप असायचं. किल्ली फक्त कारकुनांकडं."

कारकुनांकडं. म्हणजे तुझ्या एत्तोरेकडं.

तर आता ऐक. मी हे एका दमात लिहिते, अक्षरं चुकली तर चुकू देत.

आईच्या ॲप्रनला काही लागलेलं नव्हतं. लागलं होतं ते तुझ्या निळ्या झग्याला, डाव्या खांद्याला, मागच्या बाजूला. मार्चचा शनिवार होता. तू आईबरोबर जिना पुसायला गेली होतीस आणि उशिरा आलीस. रात्री माच्यावर तू झगा काढून ठेवलास आणि मी तो रंग बघितला. बोट लावलं तर बोटाला आला. आणि मला तो ठाऊक होता, कारण त्या आधीच्या आठवड्यात मी बाबांसोबत धक्क्यावर उभी असताना वर बघितलं होतं. सज्जाचं दार उघडं होतं आणि आतली भिंत उन्हात लाल दिसत होती. गावात तसला रंग दुसरा कुठंच नव्हता.

सकाळी मी तो झगा बाबांपुढं धरला. मीच. मारूसा नव्हे. मारूसाला तर काही ठाऊकही नव्हतं. बाबा ओरडत बाहेर गेले तेव्हा ती आपल्या अंगणात पाणी मागायला उभी होती, लोकांनी तिलाच धरलं. तिच्या जिभेची ख्याती आधीपासूनच. आणि मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, मग नाही, कधीच नाही.

का सांगितलं? मी तेरा वर्षांची होते. मला वाटलं बाबा दोन दिवस ओरडतील, तुला सणाला बाहेर सोडणार नाहीत, आणि तू माझ्याजवळ माच्यावर राहशील. तो कारकून तुला बोटीत घालून घेऊन जाणार, ही एकच भीती मला होती. आणि मी सांगितलं म्हणूनच तू गेलीस, चार दिवसांत, एका पेटीनिशी. हे एवढंच सांगून थांबता आलं असतं, तर हे पत्र मी केव्हाच लिहिलं असतं. पण दुसरंही होतं. आपल्याकडं थोरलीला घर आणि धाकटीला थोरलीच्या घरची धुणी. मी तो झगा हातात धरून माच्याची शिडी उतरत होते तेव्हा घराचाही विचार आला. एकदाच आला. पण आला होता.

म्हणून मुलीला आईचं नाव ठेवलं नाही. घर घेतलं, वर नावही घ्यायचं, एवढं माझ्यानं होईना.

आता तू यायचं की नाही ते तू ठरव. पोरीला मी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला, मग तिला.

पत्र टाकायला मी स्वतः चालले आहे. म्हाताऱ्याच्या हाती दिलं तर तो वाटेत कॉफी प्यायला बसेल आणि माझा धीर सुटेल.

सेवास्ती


रविवार, २८ जून

ताई, ताई, ताई.

सात पानं. मी मोजली, मग सकेलारिसनं मोजली. सात पानं शिव्या, आणि त्याही आपल्या बेटावरच्या, बंदरातल्या, ज्या आता इथंही कुणाला येत नाहीत. "खारवलेल्या मडक्यातली किडकं अंजीर" म्हणे मी. आई गेल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं. मी रडले, मग वाचलं, मग परत रडले, मग त्या अंजिराशी आले की हसू यायला लागलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, शिव्या. म्हणाला, "मग जेवण दोन घास जास्त कर. बरी बातमी दिसते."

आणि सातव्या पानाच्या तळाशी तुझी अट. की मारूसाची माफी मागायची, आणि ती घरात कोपऱ्यात नाही, चारचौघांत, जिथं तिचं नाव खराब झालं तिथं. तोवर तू बेटावर पाय ठेवणार नाहीस.

मागितली. काल, शनिवारी, अनेझिनाला आधी सगळं सांगून. मग तिनं मला विचारलं, "मारूसामावशीची ती कडबोळी अजून मिळतील का?" आणि स्वतःच तिला बोलवायला गेली.

कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहिले मी. बोट नुकतीच लागलेली, माणसं भरपूर. मी म्हटलं, "लोकहो, त्रेचाळीस साली माझ्या बहिणीची चुगली मारूसानं केली असं तुम्ही म्हणता. ती मी केली. मारूसानं नाही." आवाज इतका बारीक निघाला की मागचे ओरडले, "काय? काय म्हणाली?" आणि सकेलारिस, ज्याला एरवी बोटीचा भोंगा ऐकू येत नाही, त्यानं ते सगळं परत मोठ्यानं सांगितलं, शब्दाला शब्द. तेव्हा मला कळलं की त्याला ऐकू येतं.

मारूसा म्हणाली, "अगं, मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"चव्वेचाळीस वर्षांपासून. तुझ्यासारखी आखडत्या हाताची बाई मला रोज कॉफी पाजते, ती काय माझ्या रूपावर भाळून? आणि माझ्या नावावर गावानं सतरा भांडणं लिहिलीत. एक जास्त झालं म्हणून काय बिघडलं?"

लोक हसले. मी पण हसणार होते. तेवढ्यात ती समुद्राकडं बघत म्हणाली, "फक्त तुझी आई आजारी होती तेव्हा तरी सांगायचंस. मला तिच्या उशाशी बसायचं होतं. तुम्ही मला दारातून परत पाठवलंत."

ताई, मी तिथंच तिचा हात धरून उभी राहिले. तिनं काढून घेतला नाही. पण आज ती कॉफीला आली नाही, आणि मी दोन कप मांडून बसले होते. उद्याही मांडणार आहे.

भावोजींना नमस्कार सांग. हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला, तीनदा खोडला आणि चौथ्यांदा तसाच ठेवला. त्यांना सांग की सज्जाची ती भिंत कुणी रंगवणार नाही. अनेझिनानं व्रेत्तोस साहेबांशी भांडून ठरवलंय, बाहेरून कचेरी पिवळी करायची आणि आतली ती एक भिंत लाल आहे तशीच ठेवायची. साहेब म्हणाले, "त्या भिंतीत एवढं काय आहे?" ती म्हणाली, "माझे आईवडील."

तू लिहिलंयस, "मी आले तर माच्यावर कठड्याकडं झोपणार, सांगून ठेवते." मी माचा घासून घेतलाय. शिडीच्या दोन पायऱ्या कुरकुरतात, त्या सकेलारिस दुरुस्त करतोय. म्हणजे आज सकाळपासून हातोडा शोधतोय. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, म्हणजे तिसरी पायरीही बघायला सांगते. घराची किल्ली मी दाराच्या आतून काढून बाहेर खिळ्याला अडकवली आहे. मालकिणीनं यायचं तर ठोठावून येऊ नये.

आज दुपारच्या बोटीनं पाहुणे गेले. मोजणी संपली, आता रंगारी आणायचे. अनेझिना कठड्याला धरून उभी होती, हातात कडबोळ्यांची पुरचुंडी. बोट सुटता सुटता मी विचारलं, "परत कधी?" तिनं ओरडून तारीख सांगितली, आणि वर चार बोटं दाखवली. व्रेत्तोस साहेब, ती, आणि आणखी दोन. मी कोण कोण ते विचारलं नाही. सकेलारिसला दोन्ही कानांनी ऐकू आलं, त्यानं घरी येऊन माझ्यासमोर कॅलेंडरवर खूण केली.

सप्टेंबरची बारा तारीख, शनिवार, कोस बेटाहून येणारी दुपारची बोट.